टाइमशीटमध्ये खरे तास कसे लिहायचे

२०१३ सालची गोष्ट. हिंजवडीच्या फेज टूमध्ये आमच्या सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफिस होतं. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं काम आलं होतं, ठरलेल्या रकमेचं (फिक्स्ड प्राइस), नऊ जणांची टीम, पाच महिन्यांची मुदत. दुसऱ्या महिन्यापासून आम्ही रोज बारा-बारा तास बसायला लागलो. दर शुक्रवारी दुपारी मॅनेजरचा मेल यायचा: टाइमशीट (रोज कुठल्या कामाला किती तास दिले त्याचा तक्ता) भरा, दिवसाला आठच तास टाका. मी भरायचे. सोमवार आठ, मंगळवार आठ, बुधवार आठ. दोन मिनिटांचं काम. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा मनातही आलं नाही.

काम वेळेत गेलं, केक कापला गेला. क्लायंटने दुसरा टप्पाही आम्हालाच दिला आणि त्याचं एस्टिमेट, म्हणजे किती तास लागतील याचा अंदाज, काढायला मला बसवलं. एस्टिमेट काढताना आधीच्या कामाला प्रत्यक्ष किती तास लागले ते बघतात. सिस्टीम सांगत होती, मध्यम आकाराची एक स्क्रीन (सॉफ्टवेअरमधलं एक पान) बनवायला ४० तास. खरे ६० लागले होते. मला माहीत होतं, कारण त्यातल्या चार स्क्रीन मीच केल्या होत्या. पण सिस्टीममध्ये ४० होते, माझ्या हाताने भरलेले, आणि मी ४० धरूनच एस्टिमेट काढलं. त्या आकड्यावर सात जणांची टीम बसली. चौघांची पहिलीच नोकरी. त्यातल्या एका मुलीने स्वतःच्या साखरपुड्याच्या आदल्या रात्री एक वाजेपर्यंत डिफेक्ट (सॉफ्टवेअरमधल्या चुका) बंद केले. तिने तक्रार केली नाही. तिच्या त्या आठवड्याच्या टाइमशीटला मंजुरी मीच दिली. त्यातही रोज आठच तास होते.

या क्षेत्रात मला तेवीस वर्षं झाली. कंपन्यांमध्ये नीतिमत्तेचं प्रशिक्षण वेगळं असतं आणि घर-काम यांच्या तोलावरचं व्याख्यान वेगळं. माझ्या अनुभवात या दोन्ही गोष्टींची गाठ शुक्रवारच्या त्या एका रकान्यात पडते. तिथे खोटा आकडा गेला की पुढचं एस्टिमेट खोटं निघतं, त्यावर मुदत ठरते, आणि ती मुदत कुणाचा तरी संध्याकाळचा वेळ खाऊन पाळली जाते. म्हणून नव्या मुलामुलींना मी आधी खरे तास लिहायला शिकवते. कसं, ते इथे सांगते.

आधी स्वतःची वही

कंपनीच्या टूलपासून सुरुवात करू नका. एक साधी वही घ्या. लॅपटॉप मिटण्याआधी रोज चार-सहा ओळी लिहा. शुक्रवारी आठवून आठवून लिहिलेला सोमवार कधीच खरा नसतो, म्हणून त्या दिवशीचं त्याच दिवशी. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

साडेदहा ते सव्वाअकरा स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग). सव्वाअकरा ते दीड पेमेंटचा बदल. सव्वादोन ते चार टेस्ट एन्व्हायर्न्मेंट (बदल तपासून बघायची यंत्रणा) बंद, वाट पाहिली. चार ते सहा पेमेंटचा बदल. साडेसात ते पावणेनऊ क्लायंट कॉल. दहा ते अकरा दहा, कॉलमध्ये निघालेले प्रश्न.

बेरीज करा. ९ तास १० मिनिटं होतात. ज्या कामासाठी मला पगार मिळत होता त्या पेमेंटच्या बदलाला त्यातले सव्वाचार तास मिळाले. पावणेदोन तास नुसती वाट बघण्यात गेले आणि पंधरा मिनिटांचा स्टँडअप पाऊण तास चालला. ही बेरीज केली नसती तर त्या रात्री मला एवढंच वाटलं असतं की आपण हळू काम करतो.

तीन आठवडे नुसतं लिहा, कुणाला काही सांगू नका. मग बोला. ‘खूप काम आहे’ म्हटलं की मॅनेजर मान हलवतो, कारण त्याच्याकडेही खूप काम असतं. ‘तीन आठवड्यांत टेस्ट एन्व्हायर्न्मेंट बंद असल्यामुळे माझे १९ तास गेले’ म्हटलं की त्याला कुणाला तरी फोन लावावा लागतो.

वहीत स्वतःच्या बाजूचंही खरं लिहा. जेवणानंतरचा चहा तासभर लांबला असेल, दुपारी फोन बघत वेळ गेला असेल, तर तो वेळ कामाचा नाही. आपल्या सोयीचं तेवढंच लिहिलं तर वहीला काही अर्थ उरत नाही. आणि वहीत क्लायंटचं नाव, त्यांच्या ग्राहकांचे तपशील, पासवर्ड असलं काही येऊ देऊ नका.

टूलमध्ये भरताना

काम कोणत्या करारावर चाललंय हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. टाइम अँड मटेरियल असेल तर क्लायंट तासांचे पैसे मोजतो. तिथे न केलेला तास लिहिणं म्हणजे सरळ दुसऱ्याच्या खिशात हात घालणं आहे. फिक्स्ड प्राइस असेल तर रक्कम आधीच ठरलेली असते, जास्तीचे तास कंपनीच्या नफ्यातून जातात, म्हणून तिथे केलेले तास लपवायचा दबाव येतो. एकीकडे फुगवायचं, दुसरीकडे दाबायचं. दोन्हीकडे उपाय एकच: जेवढे झाले तेवढे.

काही टूल्स आठच्या वर आकडा घेतच नाहीत. मग आठ भरा आणि शेऱ्याच्या जागी ‘प्रत्यक्ष ११ तास’ लिहा. शेऱ्याला जागा नसेल तर शुक्रवारी मॅनेजरला मेल करा. मेल कसा लिहायचा ते शेवटी देते. तोंडी सांगितलेल्या तासांची नोंद कुठेच राहत नाही.

‘या आठवड्यात अमुक प्रोजेक्टचं बजेट संपलंय, तुझे तास तमुकच्या प्रोजेक्ट कोडवर टाक’ असंही सांगितलं जातं. टाकू नका. तमुक प्रोजेक्टचा क्लायंट तुमच्या नावाने बिल भरणार आहे आणि तुम्ही त्याचं काम केलेलं नाही. मी असं उत्तर देते: ‘मी अमुकवर काम केलंय, म्हणून तिथेच टाकलेत. बदलायचे असतील तर तसं मेलवर कळवा, मी फायनान्सला कॉपी करून विचारते.’ आवाज न चढवता, एवढंच. माझ्या आजवरच्या नोकरीत असा मेल एकदाही आलेला नाही.

एस्टिमेट मागितलं की

आपल्याकडे ‘करून टाकू’ हे फार पटकन तोंडातून निघतं. समोरच्याला नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं आणि वरिष्ठ माणूस असेल तर जास्तच. त्या दोन शब्दांवर सहा जणांचे तीन महिने ठरतात.

एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या संगणक क्षेत्रातल्या व्यावसायिक संस्थांनी मिळून १९९९ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरांसाठी आचारसंहिता मंजूर केली. खर्च, वेळ, माणसं, गुणवत्ता यांचे अंदाज वास्तवाला धरून द्यावेत आणि त्यात किती अनिश्चितता आहे तेही सांगावं, असं तीत आहे. मॅनेजरांसाठीही तेच कलम वेगळं दिलंय. म्हणजे खोटं एस्टिमेट देणं ही या व्यवसायात शिस्तीची किंवा कौशल्याची बाब मानलेली नाही, नीतीची मानलेली आहे. मला हे वयाच्या पस्तिशीनंतर कळलं. कॉलेजात कुणीतरी सांगायला हवं होतं.

करायचं कसं? आधी हातात खरे तास किती आहेत ते मोजा. सहा माणसं, दहा दिवस, आठ तास असा गुणाकार केला की ४८० येतात. माझ्या टीमच्या वह्यांमधून निघालेला आकडा माणशी दिवसाला साडेपाच तासांचा आहे, बाकी वेळ मीटिंग, मेल, वाट बघणं आणि दुसऱ्याला मदत यात जातो. म्हणजे ३३० तास. ४८० आणि ३३० मधला फरक आहे १५० तासांचा. एस्टिमेट काढणारा तो विसरला की तो रात्री आणि शनिवारी वसूल होतो.

मग एकच आकडा न देता तीन द्या: सगळं नीट झालं तर, नेहमीसारखं झालं तर, आणि दुसऱ्या टीमचा इंटरफेस (दोन सिस्टीम जोडणारा भाग) उशिरा आला तर. तिसऱ्या आकड्यापुढे कारण लिहा. ‘हे फार होतंय, कमी करा’ असं आलं की काम कमी करा, आकडा तसाच राहू द्या. ‘रिपोर्टच्या दोन स्क्रीन पुढच्या रिलीजला (पुढच्या आवृत्तीत) घेतल्या तर ६० तास वाचतील. घेऊ का?’ हा प्रश्न विचारता आला पाहिजे. काय सोडायचं ते ठरवायचा हक्क क्लायंटला आहे. तुमचा संध्याकाळचा वेळ सोडून द्यायचा हक्क त्याला कुणी दिलेला नाही, आणि बहुतेक वेळा त्याने तो मागितलेलाही नसतो. मधल्यामधे कुणीतरी आपण होऊन देऊन टाकलेला असतो.

संध्याकाळचा कॉल

न्यूयॉर्कचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. त्यांचा सकाळी नऊचा कॉल पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला येतो. नोव्हेंबरात तोच साडेसातला जातो. कॅलिफोर्नियाचा नऊचा कॉल तर साडेनऊवरून साडेदहावर जातो. हे आपोआप होतं. कुणी आपल्याला विचारत नाही, कारण कॅलेंडरमधली मीटिंग तिकडच्या घड्याळाला बांधलेली असते.

म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी दरवर्षी एक मेल करते: ‘तुमचं घड्याळ बदलतंय. आमच्याकडे सात वर्षांखालच्या मुलांचे तीन पालक टीममध्ये आहेत. कॉल पुण्याच्या साडेसहालाच ठेवता येईल का? तुमच्याकडे सकाळचे आठ वाजतील.’ तीन क्लायंटना विचारलं, तिघेही हो म्हणाले. एकाने तर विचारलं, हे आधी का सांगितलं नाहीत? सहा वर्षं आम्ही साडेसातला बसत होतो आणि कुणी तोंडच उघडलं नव्हतं.

रोज कॉल लागतो का, हेही तपासा. आमचा आता मंगळवारी आणि गुरुवारी असतो. बाकी दिवशी संध्याकाळी सहापर्यंत लिहून ठेवतो: काय झालं, काय अडलं, कुणाकडून काय हवंय. चांगलं लिहिता येणाऱ्या टीमला कॉल कमी लागतात. इंग्रजीचा धसका घेतलेली गावाकडची मुलंसुद्धा सहा महिन्यांत सुंदर लिहायला लागतात, कारण लिहिताना विचार करायला वेळ मिळतो.

रात्री उशिरा कॉल असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी हवी. युरोपीय संघाच्या २००३ च्या कामाच्या वेळांविषयीच्या निर्देशात दर चोवीस तासांत सलग अकरा तास विश्रांती ठरवून दिलेली आहे. तो नियम भारतात लागू नाही, पण आकडा चांगला आहे म्हणून मी तो टीमसाठी घेतला. रात्री साडेदहाला कॉल संपला तर सकाळी साडेनऊच्या आधी त्या माणसाला कुणीही मेसेज टाकायचा नाही. मीसुद्धा नाही.

रात्री प्रॉडक्शनला (ग्राहक वापरत असलेल्या चालू सिस्टीमला) हात लावताना

माझे वडील मिरजेच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. लांब पल्ल्याची गाडी घेऊन रात्री उशिरा परतलेल्या ड्रायव्हरला ते पहाटेच्या गाडीवर पाठवायचे नाहीत. ‘गाडी रद्द झाली तर लोक मला चार शिव्या घालतील, तेवढं चालतं,’ म्हणायचे. मी लहानपणी हे ऐकलं आणि मोठेपणी पार विसरले.

सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी उतरते, असं १९९७ आणि २००० सालच्या अभ्यासांत दिसलं. आपल्याकडे गाडी चालवायला मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी सातला उठलेला माणूस मध्यरात्री लाखो लोकांच्या खात्यांचा डेटा बदलायला बसतो तेव्हा त्याला स्कूटरवरून घरी पाठवणंसुद्धा धोक्याचं असतं.

ऑनकॉलची (रात्री बिघाड झाला तर उठायची) पाळी टीममध्ये फिरती ठेवा, आठवड्याला एक माणूस. पाच-सहा जण तरी पाळीत हवेत, नाहीतर कुणाचा तरी महिना अर्धा तिथेच जातो. रात्री उठवण्याजोगं काय आणि सकाळपर्यंत थांबण्याजोगं काय, हे आधी लिहून क्लायंटकडून मान्य करून घ्या. पैसे अडकले, ग्राहकांना लॉगिन होत नाही, चुकीची माहिती बाहेर चालली आहे: उठवा. रिपोर्टमधली रक्कम डाव्या बाजूला सरकली: सकाळी. ज्याने रात्रीचे तीन तास दिले त्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी, त्याने मागायची वाट न बघता.

आणि डेटा हाताने दुरुस्त करायची वेळ आली तर तिकीट (कामाची सिस्टीममधली नोंद), स्क्रिप्ट (बदल करणारा छोटा प्रोग्रॅम), आधीची किंमत, नंतरची किंमत, वेळ, आणि दुसऱ्या माणसाची नजर, हे सगळं झाल्याशिवाय एंटर दाबू नका. इथे मला ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं प्रकरण सांगावंसंच वाटतं. त्यांची ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली फुजित्सू कंपनीने चालवली. तीत दोष होते, शाखेच्या हिशेबात नसलेली तूट दिसायची. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून जास्त पोस्टचालकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. लोक तुरुंगात गेले, कर्जबाजारी झाले, काहींनी जीव दिला. शाखेचा डेटा बाहेरून कुणी बदलू शकत नाही असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, आणि फुजित्सूच्या कर्मचाऱ्यांना तो बदलता येत होता. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले, २०२४ मध्ये खास कायदा करून शिक्षा रद्द करायला लागल्या. नव्या मुलांना मी हे पूर्ण सांगते. आपल्या एका न नोंदवलेल्या दुरुस्तीच्या दुसऱ्या टोकाला खेड्यातल्या टपाल खिडकीवर बसलेला माणूस असू शकतो, हे त्यांच्या डोळ्यांसमोर यायला हवं.

‘पास’ लिहायला सांगितलं तर

रिलीजच्या आदल्या संध्याकाळी हमखास येणारी वेळ. तीनशे टेस्ट केस (एकेक तपासणी), त्यातल्या चाळीस चालवायला वेळ उरला नाही, आणि कुणीतरी म्हणतं, ‘पास टाकून दे, मागच्या वेळी चालल्या होत्या ना.’ वाक्य पाठ करून ठेवा: ‘या चाळीस मी चालवलेल्या नाहीत, म्हणून नॉट रन लिहिते. नॉट रन असताना रिलीज करायचा निर्णय तुम्ही घेऊ शकता, मी तो मेलमध्ये नोंदवते.’ यात भांडण नाही. निर्णय ज्याचा आहे त्याच्याकडे तो परत जातो. दहातल्या आठ वेळा समोरचा म्हणतो, बरं, त्यातल्या पैशांच्या दहा तरी चालव.

‘मला वरून सांगितलं म्हणून केलं’ ही ढाल शेवटपर्यंत पुरत नाही. फोक्सवॅगनने चाचणीच्या वेळेपुरतं प्रदूषण कमी दाखवणारं सॉफ्टवेअर डिझेल गाड्यांत घातलं होतं. २०१५ मध्ये ते उघडकीला आलं, आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने जेम्स लिआंग या इंजिनिअरला ४० महिन्यांची शिक्षा दिली.

बाकीचं थोडक्यात. बायोडेटात दोन वर्षांचे चार करू नका, तुमच्या जागी दुसऱ्याला मुलाखतीला बसवू नका. अशी सुरुवात झाली की पुढची दोन वर्षं रात्री जागूनच भरून काढावी लागतात, आणि नोकरी जाण्याची भीती वेगळी. ग्राहकांचा खरा डेटा टेस्टिंगसाठी लॅपटॉपवर उतरवून घेऊ नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे आणि सुरक्षेत हलगर्जी केली तर कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. अडलेला कोड चॅटजीपीटीसारख्या ठिकाणी चिकटवण्याआधी कंपनीने ते टूल मंजूर केलंय का ते बघा. क्लायंटच्या स्क्रीनचे फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकणं तर आजच बंद करा, मग तो ग्रुप टीमचा असला तरी. नोकरी सोडताना कोड घेऊन जाऊ नका.

घरी

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. रविवारी रात्री मी त्यावर आठवड्याचे कॉल लाल पेनाने लिहिते, ऑनकॉलचा आठवडा असेल तर सातही चौकटींना रेघ मारते. नवरा त्याच्या फॅक्टरीच्या पाळ्या निळ्याने लिहितो. आधी सासूबाई रोज विचारायच्या, ‘आज जेवायला आहेस ना गं, की परत तुझा तो कॉल?’ त्या प्रश्नाने मला अपराधी वाटायचं आणि मी तुटक उत्तर द्यायचे. आता त्या कॅलेंडर बघतात आणि लाल नसलेल्या दिवशी भाकरी करायचं ठरवतात. लाल चौकटी आठवड्यात तीनच्या वर गेल्या तर मुलगी मोजून दाखवते. ती अकरा वर्षांची आहे, तिचा हिशेब चुकत नाही.

ऑफिसातून निघायची वेळही ठरवून घ्या. हिंजवडीतून सहाला निघालं की भूमकर चौकात अडकायला होतं, म्हणून ‘साडेआठपर्यंत बसू या, तेवढंच काम होईल’ असं आम्ही वर्षानुवर्षं केलं. तो वेळ टाइमशीटमध्ये गेला नाही आणि घरालाही मिळाला नाही. मी आता आठवड्यातले तीन दिवस सकाळी सातला घरून निघते आणि दुपारी साडेतीनला ऑफिसातून उठते.

मोठ्या सुट्टीचं गणित वेगळं आहे. गणपती आणि दिवाळी अमेरिकेच्या कॅलेंडरवर नसतात आणि नेमकी तेव्हाच रिलीज येते. जानेवारीत वर्षाचा आराखडा ठरतो तेव्हाच या तारखा क्लायंटला द्या. आपल्या सणांना त्यांची हरकत नसते, फक्त आयत्या वेळी कळलेलं आवडत नाही. आणि बँका, विमा, मोठी दुकानं अशा क्लायंटकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या थँक्सगिव्हिंगपासून नव्या वर्षापर्यंत बहुधा प्रॉडक्शन बदलांना बंदी असते. गावी लांब जायचं असेल, आईवडिलांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायची असेल, तर डिसेंबर धरा.

कायदा

महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या ऑफिसांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ लागू होतो. मूळ कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, आणि जादा कामाला दुप्पट दराने पैसे असं आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा दहा तासांवर नेण्याला मंजुरी दिली. मॅनेजर किंवा देखरेखीच्या पदावरच्या माणसांना हे तासांचे नियम लागू होत नाहीत, आणि आपल्याकडे पदाच्या नावात ‘लीड’ किंवा ‘मॅनेजर’ फार लवकर येतं. त्यामुळे नेमणूकपत्रात पद काय लिहिलंय ते वाचा. रात्री साडेनऊनंतर बाईकडून काम घ्यायचं तर तिची संमती, संरक्षण आणि घरापर्यंत गाडी ही मालकाची जबाबदारी आहे. मुलींनो, ती गाडी हक्काने मागा.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं. कायदा होईल तेव्हा होईल, तोवर वही आपल्या हातात आहे.

ज्यांच्याकडे टाइमशीट मंजुरीला येतं त्यांच्यासाठी

एखाद्याचं टाइमशीट महिनाभर रोज आठ-आठ-आठ असेल तर त्याला बोलवा. कुणाचाही महिना इतका सरळ जात नाही. एक तर तो जास्त तास लपवतोय किंवा त्याच्याकडे काम नाही आणि सांगायला घाबरतोय.

२०१९ मध्ये आमच्या टीममधल्या एका मुलाने पहिल्यांदा ५८ तास भरले. मला वरून फोन आला, हे क्लायंटला कसं दाखवायचं? माझ्या पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू. ‘त्याला ४० करायला सांग’ हे वाक्य माझ्याही जिभेवर होतं. साखरपुड्याच्या आदल्या रात्री जागलेली ती मुलगी आठवली आणि मी ते गिळलं. त्या मुलाबरोबर बसून ५८ तासांची फोड केली. २१ तास एका जुन्या छपाईच्या सुविधेवर जात होते. क्लायंटला तसंच दाखवलं. त्यांनी आपल्या लोकांना विचारलं, तर ती सुविधा आता कुणीच वापरत नव्हतं. काढून टाकली. त्या मुलाचा पुढचा आठवडा ४१ तासांचा झाला.

खरा आकडा लिहिणाऱ्याला पहिल्यांदा तुम्ही काय उत्तर देता, यावर बाकीचे दहा जण पुढच्या शुक्रवारी काय भरायचं ते ठरवतात. त्याला ‘तुझा वेग कमी आहे का?’ असं विचारू नका. ‘कशावर गेले?’ असं विचारा. आणि मूल्यमापनाच्या वेळी रात्री अकराला पाठवलेल्या मेलचं कौतुक करू नका. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये दिलेला आकडा माझ्या टेबलासमोर लावलेला आहे: आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त. माझ्या मंजुरीच्या यादीत ५५ दिसले की मी त्या दिवशी दुसरं काही करत नाही.

आता तो मेल. तुमच्या शब्दांत लिहा, पण आकडे खरे ठेवा:

‘विषय: आठवड्याचे प्रत्यक्ष तास. सर, या आठवड्यात टूलमध्ये ४० तास भरले आहेत, प्रत्यक्ष ५१ झाले. जास्तीचे ११ असे गेले: टेस्ट एन्व्हायर्न्मेंटची वाट ५, आयत्या वेळी आलेला कराचा बदल ४, रात्रीचा सपोर्ट कॉल २. एन्व्हायर्न्मेंटचं तिकीट मी टाकलं आहे. कराचा बदल मूळ एस्टिमेटमध्ये नव्हता. पुढच्या आठवड्यात ४० तासांत बसवायचं तर तो किंवा रिपोर्टचं काम, यातलं एक पुढे ढकलावं लागेल. कोणतं ढकलू ते सोमवारी सकाळपर्यंत सांगाल का?’

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवा. उत्तर आलं नाही तर पुढच्या शुक्रवारी त्याच मेलवर, तोच विषय ठेवून, नव्या आठवड्याचे आकडे घालून पुन्हा पाठवा.